पंप बाबांनी निवडला : कोल्हापूर ते मालवण, तीन दिवस

बुधवारी संध्याकाळी बाबांचा फोन आला. बाबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत. आई करते, आणि शेवटी ‘घेवा, बोला’ म्हणून त्यांच्या हातात देते. ते ‘बरी आसंस मां?’ एवढं विचारून परत तिच्याकडे देतात. त्या दिवशी मात्र थेट त्यांचाच आवाज.

“सुलू, एक पंप घेवचो आसा. शनवारी येतलंस?”

“कसलो पंप?”

“प्रसादाच्या कंप्यूटराक. पाण्यान थंड करूचो आसा. बाकी सगळा मी केलंय, पंपच रवलो.”

माझे बाबा आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, घर पिंगुळीला, कुडाळच्या अगदी शेजारी. प्रसाद माझा धाकटा भाऊ. मालवणात त्याचा लग्नांच्या आणि स्कूबाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आहे. आणि मी कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं पंपांच्या चाचणी विभागात आहे. पाणी किती उंच चढतं, किती दाबानं, किती तास, मोटार कधी तापते, हे बघणं हेच माझं काम. या एकोणीस वर्षांत बाबांनी मला कामाबद्दल एक प्रश्न विचारलेला नव्हता. त्यामुळे मी एप्रिलच्या उकाड्याचा विचार न करता ‘येते’ म्हणून टाकलं आणि सोमवारची रजाही घेतली.

दोन दिवसांत मी अभ्यास केला. कॉम्प्युटर पाण्यानं थंड करतात म्हणजे काय, तर प्रोसेसरवर तांब्याचा एक ठोकळा बसवतात, त्यातून पाणी फिरवतात आणि ते पाणी रेडिएटरमध्ये गार करून परत आणतात. पंप लहान लागतो, पण दिवसभर न थांबता चालणारा. सोलर हीटरसाठी येणारा बारा व्होल्टचा एक छोटा पंप मी बाजारातून विकत घेतला आणि शुक्रवारी दिवसभर माझ्याच टेबलावर पळवला. मुठीएवढा, आवाज जवळजवळ नाही, हाताला कोमटसुद्धा लागत नव्हता. टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवला. परीक्षेला जाताना पेन तपासावं तसं दोनदा बघितलं.

शनिवारी सकाळी सहाला गाडी काढली. तुम्ही जाणार असाल तर राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट हाच रस्ता घ्या. पेट्रोल राधानगरीतच भरा, पुढे जंगल आहे आणि पंपाची खात्री नाही. दाजीपूरच्या पट्ट्यात हळू चालवा. मला वळणावर तीन गवे दिसले, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या वेळेनं रस्ता सोडला. घाट उतरल्याबरोबर हवा बदलते. काच खाली केली की अंगाला चिकटते. फोंड्यात एका टपरीवर घावणे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ खाल्ली, चहा धरून साठ रुपये. कणकवलीपासून कुडाळपर्यंतचा हायवे आता इतका गुळगुळीत आहे की साडेदहाला मी पिंगुळीत होते.

पिंगुळीत लोक कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी बघायला येतात, तुम्हीही बघा. आधी फोन करून जा, म्हणजे कोणीतरी बसून पोथीतली चित्रं एकेक करून दाखवतं, नाहीतर नुसतीच भिंतीवरची बघून परत यावं लागतं. आमचं घर त्याच्या अलीकडे, काजूच्या बागेला लागून.

बाबा पडवीत सगळं मांडून बसले होते. एका जुन्या गाडीच्या हीटरमधला छोटा रेडिएटर, धुऊन, सरळ करून, काळा रंगवलेला. बरणीची टाकी. आणि तांब्याचा ठोकळा. तो मी हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. हॅक्सॉची पाती बारीक घासून त्यांनी त्यात एकाशेजारी एक खाचा कापल्या होत्या. हातानं. एकही वाकडी नाही. वर झाकण असं बसवलं होतं की सांध्यात नख जात नव्हतं.

“बाबा, ह्या भारी झाला.”

“बरा झाला,” ते म्हणाले. खूश होते.

मी लगेच टॉवेल सोडला. त्यांनी माझा पंप हातात घेऊन उलटासुलटा केला.

“एवढोसो?”

“इतकोच पुरे. तुमच्या खाचा बारीक आसत...”

“बघूया,” असं म्हणून त्यांनी तो नेऊन फ्रिजवर ठेवला.

दुपारी जेवताना आईनं बांगड्याचं तिखलं वाढलं आणि वाढता वाढता सहज बोलून गेली, “बरा झाला गो तू इलंस. ह्यांका आता उनात गाडी चलवूक दिसना नाय, मोतीबिंदू पिकलो हा. प्रसादाक सीझनात वेळ नाय. मीच म्हटलंय, सुलूक बोलवा, तिच्याकडे गाडी आसा.”

बाबा काटे काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी आणखी थोडा भात मागून घेतला, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

तासाभरात आम्ही निघालो. पिंगुळीहून मालवण तासाभरावर. नेरूरपारचा पूल ओलांडून धामापूरवरून जाणारा रस्ता घ्या. अरुंद आहे, पण धामापूरच्या तळ्यापाशी दहा मिनिटं थांबता येतं. मी थांबले. बाबा गाडीतच बसून राहिले, त्यांना दुकान बंद होण्याची काळजी होती. मालवण बाजारात गाडी नेऊ नका, शनिवार-रविवार तर नकोच. बंदराच्या बाजूला लावा आणि चालत या.

आधी एका इलेक्ट्रिकच्या दुकानात कूलरचे पंप बघितले, ते बाबांनाच पटले नाहीत. मग आम्ही बंदराजवळ आग्नेलच्या दुकानात गेलो. होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग विकणारा साठीचा माणूस, कपाळावर चष्मा, मागे भिंतीवर मेरीचं चित्र आणि त्याखाली लटकलेले पंखे, दोर, पट्टे. बाबांना तो ओळखत होता.

“मास्तर, काय होया?”

बाबांनी कपाटातल्या एका निळ्या पंपाकडे बोट दाखवलं. होडीत साठलेलं पाणी उपसायचा पंप. बाराच व्होल्टचा, पण दणकट, नळीचं तोंड अंगठ्याएवढं. खोक्यावर मोठ्या अक्षरात तो तासाला किती पाणी टाकतो ते लिहिलेलं.

आग्नेलनं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. “मास्तर, ह्यो होडयेतला पाणी काडूचो. धा-पंधरा मिन्टा चलता आणि बंद करतत. दिसभर चलवलात तर मोटार जळतली.” मग त्यानं माझ्याकडे बघितलं. “तुमी काय करतात, बाय?”

“पंप तपासतंय. कारखान्यात.”

“मगे माका कित्याक इचारतात?” तो बाबांना म्हणाला. “चेडवाक इचारा!”

चेडू म्हणजे मुलगी. बाबा हसले. “ती शेतीच्या मोठ्या पंपांवर असते,” ते म्हणाले. प्रमाण मराठीत. बाबा घरी, बाजारात, देवळात मालवणी बोलतात, पण यंत्राविषयी बोलायचं झालं की वर्गात उभे राहतात आणि समोरचा विद्यार्थी होतो.

मी तरी सांगितलं. खोक्यावरचा आकडा नळीचं तोंड मोकळं असतानाचा आहे. तुम्ही कापलेल्या खाचा बारीक आहेत, त्यातून पाणी ढकलायला दाब लागतो, आणि या पंपाला दाब नाही, नुसतंच भरपूर पाणी आहे. वर ही मोटार स्वतः तापते. ज्या पाण्यानं मशीन गार करायचं, तेच पाणी हा पंप गरम करेल.

“सुलभा, पाणी जितकं जास्त फिरेल, तितकी उष्णता जास्त वाहून नेईल,” बाबा म्हणाले. सुलभा. “हे शाळेच्या विज्ञानात आहे. आणि टाकी आपण मशीनच्या वर ठेवणार. वरून पाणी आलं की दाब आपोआप मिळतो.”

“नाय मिळणा, बाबा. पाणी खाली येता तितक्याच परत वर चढवूक लागता. आणि वरची टाकी गळली तर सगळा पाणी मशीनीत.”

“गळेल कशाला? सांधे मी मारणार आहे.”

त्यांनी प्रसादला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. प्रसादच्या मागे समुद्राचा आवाज येत होता. “मोठोच घेवा, बाबा. मी व्हिडिओत बघितलंय, लोक मोठेच लावतत.”

आग्नेलनं खोकं काढून दिलं. पिशवीत घालताना तो मला म्हणाला, “चलवतले तर जरा लक्ष ठेवा, बाय.” मी मान हलवली.

प्रसादचा स्टुडिओ बंदराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचा. बाबा सांधे मारत होते, प्रसाद कॉम्प्युटर उघडून बसला होता. मी नळ्या कापून देत होते. मी एकदा म्हटलं, निदान टाकी खाली जमिनीवर ठेवूया. प्रसाद म्हणाला, “ताई, तुमचे ते विहिरीचे पंप वेगळे गो.” आणि बाबा, डोकं आत घातलेल्या अवस्थेत, पान्हा फिरवत म्हणाले, “आकडे लिहून घेणं वेगळं, जोडणी करणं वेगळं.”

मला वाटतं, ते लागावं म्हणून म्हणाले नव्हते. विद्यार्थ्याला समजावतात तशा सुरात म्हणाले. मी ‘आलेच’ म्हणून बंदरावर गेले.

संध्याकाळचा लिलाव मालवणात चुकवू नका. होडी लागते, वाळूत टोपल्या ओतल्या जातात आणि बायका बोलायला लागतात. एका काळ्या साडीतल्या मावशीनं सुरमईचा ढीग डोळ्यांनी नुसता चाळला आणि भाव सांगितला. दोन पुरुष हसले. ती पुन्हा तोच भाव बोलली, आवाज न चढवता, आणि ढीग तिला मिळाला. मी पुष्कळ वेळ तिच्याकडे बघत उभी होते.

परत आले तेव्हा यंत्रणा चालू झाली होती. बरणीत पाणी खळखळत होतं, नळ्या थरथरत होत्या, टेबलाला हात लावला तर बोटांना मुंग्या येत होत्या. प्रसादनं पडद्यावरचं तापमान दाखवलं, खरंच खाली आलं होतं. त्यानं बाबांना मिठी मारली. रात्रीची थाळी त्याच्याकडून. सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, वडे, सोलकढी. साधारण चारशेला पडते आणि ताज्या मासळीची असेल तर पैसे वसूल. जेवून स्टुडिओत परत आलो, आणि पिंगुळीला निघण्यापूर्वी मी बरणीतल्या पाण्यात बोट घालून बघितलं. दीड-दोन तासांत ते चांगलं कोमट झालं होतं.

“प्रसाद, हे चालू ठेवून बाहेर जाऊ नकोस,” मी सांगितलं. “आणि कामाच्या फायलींची दुसरी प्रत कर.”

“होय गो, होय.”

रविवारी सकाळी साडेसातला बाबा आंघोळ करून, शर्ट घालून तयार. “सुलू, मालवणाक सोड. पाणी किती तापता ता बघून येतंय.”

मी म्हटलं, “आज मी रेडीक जातंय. एस्टीन जावा.”

आई चमकली. बाबांनी छत्री घेतली आणि स्टॉपकडे निघाले. हे मी इथं लिहितेय, कारण लिहिलं नाही तर बाकीचं लिहायचा मला हक्क राहणार नाही. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं.

रेडीला वेंगुर्ला-शिरोड्यावरून जावं. शिरोड्यापर्यंत रस्ता सुरूच्या आणि माडांच्या सावलीतून जातो, पुढे अचानक सगळं लाल होतं. खनिजाच्या ट्रकांनी झाडांची पानंसुद्धा लाल केली आहेत. खाली बंदरात खनिज भरतात आणि वर, खाडीच्या तोंडावर, यशवंतगड. किल्ल्यात शिरायला तिकीट नाही, आणि पाणीही मिळत नाही, तेव्हा बाटली न्या. जांभ्या दगडाच्या भिंती झाडांच्या मुळांनी आवळून धरल्या आहेत. मी एका बुरुजावर चढले. समोर समुद्र, खाली बंदर, माणूस कुणी नाही. दोन-तीन वर्षांत इतकी शांत जागा मला मिळाली नव्हती, आणि मी तिथं बसून काय केलं, तर डोक्यात बाबांशी भांडत बसले. आग्नेलच्या दुकानातलं सगळं संभाषण पुन्हा केलं, या वेळी जिंकले.

पावणेबाराला आईचा फोन. “सुलू, प्रसादाची मशीन गेली. सगळा पाणी आत गेला. तू जा गो थय.”

वेंगुर्ल्यामार्गे मालवण गाठायला दोन तास लागले. काय झालं ते पोचल्यावर कळलं. प्रसादनं सकाळी सातला एका लग्नाचा व्हिडिओ तयार करायला लावला आणि ड्रोन घेऊन किनाऱ्यावर गेला. पंपाची मोटार तापली, पाणी तापलं, गरम पाण्यानं नळी मऊ पडली, आणि थरथरून थरथरून एका सांध्यातून निसटली. टाकी वर होती. बरणीतलं पाणी सगळं खाली, मशीनमध्ये, दोन्ही डिस्क खालच्या बाजूला. बाबांची एस्टी वाटेत कट्टा गावाजवळ पंक्चर झाली होती. ते अकराला पोचले आणि त्यांनीच कुलूप उघडलं. मी सोडलं असतं, तर ते साडेआठला तिथं असते.

बाबा स्टुलावर बसले होते. शर्टाची बाही ओली. तांब्याचा ठोकळा त्यांनी सोडवून फडक्यावर ठेवला होता. त्या ठोकळ्यात एक थेंब गळला नव्हता. त्यांचं काम शेवटपर्यंत टिकलं होतं, आणि ते त्यांना सांगावं असं माझ्या मनात आलं. पण प्रसाद फोनवर बोलत होता. ज्यांच्या मुलीचं लग्न होतं त्या गृहस्थांशी. कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरलं होतं, दुसरी प्रत नव्हती.

“काका, माझी मोठी बहीण पंपांच्या कारखान्यात आहे,” तो म्हणत होता. “तिनंच येऊन बसवून दिला. आता तिच्यावर विश्वास ठेवला, काय करणार...”

मी दारात उभी होते. त्यानं मला बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. ते त्या खोलीत फोनपासून चार हातांवर होते आणि त्यांचे कान शाबूत आहेत. त्यांनी फडक्याचं टोक ओढून ठोकळा पुसायला घेतला.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “मी बसवला, प्रसाद?”

“मग काय सांगू? बाबांचं नाव सांगू? या वयात?” तो खरोखर चिडला होता, डोळ्यांत पाणी होतं. “तुझं इथं काय जातंय, तू कोल्हापूरला असतेस. आणि सकाळी बाबांना सोडलं असतंस तर हे झालंच नसतं.”

शेवटचं वाक्य खरं होतं.

परतीच्या वाटेवर बाबा आणि मी नेरूरपारच्या पुलापर्यंत आलो. पुलावर मी विचारलं, “बाबा, पंप कोणी निवडलो?”

त्यांनी खाडीकडे तोंड वळवलं. मग वर्गातल्या मराठीत म्हणाले, “तू होतीस ना तिथं? तुला कळत होतं, तर थांबवायचंस.”

“मी सांगितलेलं.”

“सांगणं वेगळं, थांबवणं वेगळं.”

मी गाडी चालवत राहिले.

सोमवारी पहाटे निघाले. आईनं डबा दिला, काजूगर दिले, आमसुलं दिली. फ्रिजवरचा छोटा पंप मी बॅगेत टाकला, तो परत न्यायचा की नाही हे कोणी विचारलं नाही. बाबा पडवीत आले, ‘घाटात सावकाश’ म्हणाले. घाटात धुकं होतं. दाजीपूरला चहा घेतला, एकटीच होते म्हणून टपरीवाल्यानं दुसरा कप पैसे न घेता दिला.

आता महिना उलटून गेला आहे. डिस्क गोव्यात दुरुस्तीला दिल्या होत्या. लग्नातलं मंगळसूत्र बांधतानाचं आणि वरातीचं काही चित्रीकरण परत मिळालं, बाकी गेलं. प्रसादनं कर्ज काढून नवीन मशीन घेतली, साध्या पंख्याची. आई सांगते की पिंगुळीत, देवळापाशी, कुणी विषय काढला की लोक म्हणतात, मास्तरांच्या चेडवान चुकीचो पंप दिल्यान. बाबा तिथं असतात का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “असतत कधी कधी.” आणि मग आंब्याच्या पेटीबद्दल बोलायला लागली.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. रस्ता चांगला आहे, मासळी ताजी आहे, रेडीचा किल्ला खरोखर बघण्यासारखा आहे. घरी कॉम्प्युटर पाण्यानं थंड करणार असाल, तर दिवसभर चालणारा पंप घ्या, दाब बघा, टाकी खाली ठेवा. याहून जास्त मला त्या विषयावर सांगायचं नाही.

गणेश चतुर्थीला दरवर्षी मी पाच दिवस पिंगुळीला जाते. रजेचा अर्ज एव्हाना दिलेला असतो, या वर्षी दिलेला नाही. आई विचारते तेव्हा मी कारखान्यात काम आहे म्हणते. बाबांनी विचारलं तर खरं कारण सांगायचं, असं मी ठरवलं आहे. त्यांनी अजून विचारलेलं नाही.